महिला फुटबॉलचा विसरलेला विश्वचषक: मेक्सिको १९७१

डावी विंग

महिला फुटबॉलचा पहिला विश्वचषक कुठे झाला, असं कुणालाही विचारा, उत्तर येतं १९९१, चीन. फिफा या जागतिक फुटबॉल महासंघाच्या नोंदींप्रमाणे ते बरोबरच आहे. पण त्याच्या वीस वर्षं आधी, १५ ऑगस्ट ते ५ सप्टेंबर १९७१ या तीन आठवड्यांत, मेक्सिकोमध्ये सहा देशांच्या मुली विश्वचषक म्हणूनच एक स्पर्धा खेळल्या. अंतिम सामन्याला मेक्सिको सिटीच्या अझ्तेका स्टेडियममध्ये सुमारे १,१०,००० प्रेक्षक होते. आदल्याच वर्षी याच मैदानावर पुरुषांच्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात पेलेच्या ब्राझीलने इटलीला ४-१ असं हरवलं होतं आणि तेव्हाही साधारण एवढीच गर्दी होती. एवढी मोठी गोष्ट पुढची चाळीस-पन्नास वर्षं जवळजवळ कुणाच्या बोलण्यातही आली नाही. ते का झालं, हे समजून घ्यायचं म्हणून हा धागा काढतेय. ज्यांना अधिक माहिती असेल त्यांनी भर घालावी.

आधी मागचा संदर्भ. पहिल्या महायुद्धात इंग्लंडमध्ये कारखान्यांत काम करणाऱ्या मुलींचे संघ तयार झाले. त्यातला प्रेस्टनचा डिक, कर लेडीज हा सर्वांत गाजलेला. १९२० च्या नाताळच्या दुसऱ्या दिवशी लिव्हरपूलच्या गुडिसन पार्कवर त्यांचा सामना पाहायला ५३,००० लोक आले. पुढच्याच वर्षी, ५ डिसेंबर १९२१ रोजी, इंग्लंडच्या फुटबॉल असोसिएशनने ठराव केला: हा खेळ बायकांसाठी योग्य नाही आणि संलग्न क्लबांनी त्यांना मैदानं देऊ नयेत. मुलींनी खेळणं थांबवलं नाही, पण त्या बागांमध्ये आणि मोकळ्या जागांवर खेळू लागल्या. प्रेक्षक गेले, पैसा गेला. ही बंदी जवळपास पन्नास वर्षं टिकली. पश्चिम जर्मनीत १९५५ ते १९७० अशीच बंदी होती, आणि ब्राझीलमध्ये तर १९४१ ते १९७९ सरकारी फर्मानानेच.

साठच्या दशकाच्या शेवटी इटलीत वारं फिरलं. तिथल्या काही उद्योजकांना दिसलं की मुलींच्या सामन्यांना लोक तिकीट काढून येतात. त्यांनी राष्ट्रीय संघटनांना बाजूला ठेवून एक स्वतंत्र युरोपीय महासंघ उभा केला आणि मार्टिनी अँड रॉसी या मद्य कंपनीचा पैसा मिळवला. १९६९ मध्ये इटलीत चार देशांची स्पर्धा झाली. १९७० मध्ये इटलीतच पहिला 'विश्वचषक' झाला, त्याचा अंतिम सामना तुरिनला, आणि त्यात डेन्मार्कने इटलीला २-० असं हरवलं. त्या स्पर्धेत मेक्सिकोच्या मुली तिसऱ्या आल्या होत्या. पुढची स्पर्धा मेक्सिकोत, हे त्यातूनच ठरलं.

मेक्सिकोच्या फुटबॉल महासंघाला हे नको होतं, फिफालाही नको होतं. महासंघाने आपल्या क्लबांना तंबी दिली की या स्पर्धेला मैदान दिलंत तर दंड होईल. ज्यांच्यावर हा हुकूम चालत नव्हता अशी दोन मैदानं उरली, ती नेमकी देशातली सर्वांत मोठी: मेक्सिको सिटीचं अझ्तेका आणि ग्वादालाहाराचं हालिस्को. अडवायला गेले आणि मुलींना थेट अझ्तेका मिळालं. मला या सगळ्या गोष्टीतला हा भाग फार आवडतो.

संघ सहा: मेक्सिको, अर्जेंटिना, इंग्लंड, डेन्मार्क, फ्रान्स, इटली. प्रवास, राहणं, पोशाख हा खर्च प्रायोजकाचा. खेळाडूंना मानधन नाही. जाहिरात मात्र जोरात: गोलपोस्ट गुलाबी-पांढऱ्या पट्ट्यांचे, कर्मचाऱ्यांना गुलाबी कपडे, 'शोचितल' नावाची वेण्या घातलेली बाहुली शुभंकर म्हणून. मुलींनी खेळासोबत सुंदरही दिसावं असा आयोजकांचा हट्ट होता आणि त्याचा मला राग येतो. पण शिट्टी वाजल्यावर जो खेळ झाला तो बाहुल्यांचा नव्हता. मेक्सिकोने सलामीला अर्जेंटिनाला ३-१ असं हरवलं, मग इंग्लंडला ४-०. त्यांच्या अलिसिया वर्गासला लोक 'ला पेले' म्हणायचे. उपांत्य सामन्यात मेक्सिकोने इटलीला २-१ असं हरवलं, तो सामना इतका तापला की इटलीच्या मुली पंचांवर धावून गेल्या. दुसऱ्या उपांत्य सामन्यात डेन्मार्कने अर्जेंटिनाला ५-० असं धुतलं.

अर्जेंटिनाचा संघ तर प्रशिक्षकाशिवाय, डॉक्टरशिवाय आला होता. खिळ्यांचे बूट बऱ्याच जणींनी मेक्सिकोत पहिल्यांदा पायात घातले. त्याच मुलींनी २१ ऑगस्टला अझ्तेकावर इंग्लंडला ४-१ असं हरवलं. चारही गोल एल्बा सेल्वाचे.

अंतिम सामन्याआधी मेक्सिकोच्या खेळाडूंनी मागणी केली की आम्हाला २० लाख पेसो द्या, नाहीतर आम्ही उतरणार नाही. स्टेडियम भरतंय, तिकिटं विकली जातायत, आणि आमच्या हातात काय? वर्तमानपत्रांनी त्यांनाच लोभी ठरवलं. शेवटी त्या पैशाशिवाय उतरल्या आणि डेन्मार्ककडून ३-० अशा हरल्या. तिन्ही गोल सुझान ऑगुस्टेसेनचे. ती १५ वर्षांची होती. एक लाख माणसं विरोधात ओरडत असताना हॅट्ट्रिक.

यानंतर सगळं शांत झालं. का, त्यावर मी प्रतिसादांत लिहीन, आधी तुमचं ऐकायचं आहे.

---

रंकाळा

लेख एका दमात वाचला. एक प्रश्न मनात आला तो सरळ विचारतो. आमच्या कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि शिवाजी मंडळ या तालमी-मंडळांच्या फुटबॉल संघांचा सामना असला की गॅलरीत पाय ठेवायला जागा नसते. ती गर्दी तालमीच्या अभिमानाची असते, पोरं पिढ्यान्पिढ्या एकाच तालमीची असतात. १९७१ मध्ये मेक्सिकोत महिला फुटबॉलला अशी काही मुळं होती का? की नवल बघायला लोक आले? गुलाबी गोलपोस्ट वगैरे वाचून शंका येते.

---

डावी विंग

रंकाळा, पहिल्या सामन्याला नवल म्हणून आले असतील बरेचसे. पण तीन आठवडे कुणी नवलापोटी येत नाही. एका बाजूला १९७० च्या पुरुषांच्या विश्वचषकाने मेक्सिको फुटबॉलमय झालेला होता. दुसऱ्या बाजूला त्या मुली १९७० मध्ये इटलीला जाऊन ऑस्ट्रियाला ९-० असं हरवून आल्या होत्या, त्यामुळे नावं लोकांना माहीत होती. आणि मेक्सिको सिटीत मुलींच्या लीग आधीच सुरू झाल्या होत्या. तालमीएवढी मुळं नव्हती हे खरं. पण ती रुजायला जो वेळ लागतो तोच त्यांना मिळू दिला नाही, माझं दुखणं तेच आहे.

---

ताळेबंद

विषय उत्तम, पण 'विश्वचषक' या शब्दावर मी थोडा आग्रही आहे. सहा संघ, त्यात आशिया नाही, आफ्रिका नाही. राष्ट्रीय संघही राष्ट्रीय संघटनांनी निवडलेले नव्हते. १९७० मध्ये डेन्मार्कतर्फे बोल्डक्लुबेन फेमिना हा एक क्लबच खेळला. इंग्लंडचा संघ ल्युटनच्या बाजूच्या एका क्लबभोवती जमवलेला, व्यवस्थापक हॅरी बॅट हे बसचालक. त्यांच्या संघातली लिया केलेब १३ वर्षांची होती. यांनी इंग्लंडचं प्रतिनिधित्व केलं असं इंग्लंडच्या संघटनेने तेव्हाही मान्य केलं नाही. मग फिफाने आज हे सामने अधिकृत धरावेत का? भावनेने नको, नियमाने बोलू.

---

डावी विंग

ताळेबंद, नियमानेच बोलू. १९३० चा पुरुषांचा पहिला विश्वचषक घ्या. उरुग्वेत १३ संघ, पात्रता फेरी नाही, सगळे आमंत्रणावर आलेले, युरोपातून फक्त चार. आशिया-आफ्रिका तिथेही नाही. तरी तो विश्वचषकच आहे, कारण तो फिफाने भरवला. आता १९९१ चा महिलांचा घ्या. त्याच्या नावात फिफाने आधी 'विश्वचषक' हा शब्द वापरलासुद्धा नव्हता, एका चॉकलेटच्या गोळ्यांचं नाव मात्र जोडलं होतं. सामने ९० ऐवजी ८० मिनिटांचे. बायकांना पूर्ण नव्वद मिनिटं झेपतील की नाही ही शंका तेव्हाही होती! नंतर त्यालाच पहिला विश्वचषक म्हटलं गेलं. म्हणजे नाव मागाहून देता येतं.

संघटनेने संघ निवडला नाही, हा आक्षेप मला जड वाटतो. जी संघटना पन्नास वर्षं मुलींना मैदान देत नव्हती, तिनेच शिक्का मारायचा, आणि शिक्का नाही म्हणून खेळ मोजायचा नाही, हे कसं? हॅरी बॅट नसते तर त्या मुलींना कुणी नेलंच नसतं. परत आल्यावर बॅट यांना महिला फुटबॉलमधून बाहेर काढण्यात आलं, काही खेळाडूंनाही काही महिने खेळू दिलं नाही. त्या मुली घरी गप्प बसल्या. अझ्तेकावर ९० हजारांसमोर खेळलेल्या मुली पुढे अनेक दशकं आपल्या शेजाऱ्यांनाही हे सांगत नव्हत्या. इंग्लंडचा 'अधिकृत' पहिला महिला सामना म्हणून १८ नोव्हेंबर १९७२ चा स्कॉटलंडविरुद्धचा ग्रीनॉकचा सामना धरतात, तो इंग्लंडने ३-२ असा जिंकला. त्या मुलींचंही कौतुकच आहे. पण त्याआधीच्या मुली कुठे गेल्या?

---

गोड लिंबू

तेरा वर्षांची मुलगी विश्वचषकात, हे वाचून मी थबकले. माझी पुतणी बारा वर्षांची आहे आणि पुण्यात शाळेच्या संघातून खेळते. तिला परगावी सामन्याला पाठवायचं तर आम्ही चार फोन करतो. तेव्हाच्या आईवडिलांनी परवानगी दिली, तीही महिनाभर मेक्सिकोला, याचं मला फार नवल वाटतं. आणि दुखापतींचं काय? डॉक्टर नाही, प्रशिक्षक नाही, समुद्रसपाटीपासून सव्वादोन हजार मीटर उंचीवर दुपारचं ऊन. आयोजकांनी यांची काळजी घेतली का, हाही प्रश्न आहेच ना?

---

डावी विंग

आहेच. इंग्लंडच्या मुलींचा अर्जेंटिनाविरुद्धचा सामना इतका धसमुसळा झाला की पुढच्या सामन्यापर्यंत काही जणींच्या पायाला प्लास्टर होतं. अशा स्थितीत लगेच मेक्सिकोशी गाठ. हे बेफिकिरीचंच होतं. मला आयोजकांना देव करायचं नाही. त्यांना व्यवसाय दिसला म्हणून ते आले, आणि नफा वाटून घ्यायची वेळ आली तेव्हा खेळाडूंना विसरले. मेक्सिकोच्या मुलींची मागणी मला शंभर टक्के रास्त वाटते. आज अमेरिकेच्या किंवा स्पेनच्या खेळाडू ज्या गोष्टींसाठी लढल्या त्याच या: पैसा आणि वागणूक. फरक इतकाच की १९७१ मध्ये त्यांच्या बाजूने कुणी उभं राहिलं नाही.

पण तुमच्या पुतणीसाठी चार फोन करता येतात, कारण आज तिच्या संघाला शाळा आहे, संघटना आहे. तेव्हा मुलींकडे ते काहीच नव्हतं. जबाबदार माणसांनी दार लावून घेतलं की मग जे कुणी दार उघडतील त्यांच्याबरोबर जावं लागतं.

---

उत्तरवारा

मी गेली काही वर्षं डेन्मार्कमध्ये राहतो, म्हणून थोडी भर. इथे ही गोष्ट इंग्लंडइतकी पुसली गेली नाही, पण तिला योग्य मान मिळायलाही खूप उशीर झाला. एक बाजू मात्र नोंदवतो. १९७२ मध्ये डेन्मार्कच्या फुटबॉल संघटनेने महिला फुटबॉल आपल्यात घेतलं. त्यामुळे गावोगावच्या क्लबांची मैदानं, पंच, लीग हे मुलींना मिळालं. स्वतंत्र आयोजकांनी हे कधीच दिलं नसतं, ते एक स्पर्धा भरवून मोकळे झाले असते. म्हणून 'अधिकृत संघटनांनी घात केला' असं सरसकट म्हणू नये.

आणि सुझान ऑगुस्टेसेन पुढे इटलीत गेली, तिथल्या लीगमध्ये अनेक वर्षं खेळली आणि पुष्कळ गोल केले. त्या काळात बाईला फुटबॉलवर थोडंफार कमवायचं तर इटलीच. स्कॉटलंडची रोझ रायली हीसुद्धा तिथेच गेली. आपल्या देशात वाव नाही म्हणून ती चक्क इटलीच्या राष्ट्रीय संघातून खेळली.

---

डावी विंग

उत्तरवारा, हे फार महत्त्वाचं लिहिलंत. मैदान आणि पंच मिळणं ही रोजची गोष्ट आहे, स्पर्धा चार वर्षांतून एकदा असते. डेन्मार्कच्या बाबतीत तुमचं म्हणणं मान्य.

पण वरच्या पातळीवर काय झालं ते पाहा. मेक्सिकोची स्पर्धा संपली सप्टेंबर १९७१ मध्ये. त्याच वर्षी युएफाच्या, म्हणजे युरोपच्या फुटबॉल महासंघाच्या, सदस्य देशांनी ठराव केला की महिला फुटबॉल आपल्या ताब्यात घ्यायचं. विरोधात मत फक्त स्कॉटलंडचं. म्हणजे ताबा घ्यायला काही महिने लागले. आणि स्पर्धा भरवायला? युएफाच्या पहिल्या महिला स्पर्धेचा अंतिम सामना १९८४ मध्ये झाला, स्वीडनने इंग्लंडला पेनल्टीवर हरवलं. तेव्हा सामने ७० मिनिटांचे होते. फिफाला तर १९८६ च्या अधिवेशनात नॉर्वेच्या एलन विले यांनी व्यासपीठावरून जाब विचारावा लागला. तेही अधिवेशन मेक्सिको सिटीतच होतं. मग १९८८ मध्ये चीनमध्ये चाचणीची स्पर्धा, आणि १९९१ मध्ये खरी.

वीस वर्षं. १९७१ मध्ये १५ वर्षांची असलेली मुलगी १९९१ मध्ये ३५ ची झाली. एका खेळाडूचं सगळं आयुष्य त्यात गेलं. माझा राग ताबा घेण्यावर नाहीच, ताबा घेऊन कुलूप लावण्यावर आहे.

---

मांडवीकाठ

मी गोव्याची. या धाग्याला आपल्याकडचा एक तुकडा जोडते, कारण आशियातही जवळजवळ हेच घडलं आणि त्यात भारत होता.

१९६८ मध्ये हाँगकाँगमध्ये आशियाई महिला फुटबॉलची स्वतंत्र संघटना निघाली, पुरुषांच्या आशियाई महासंघापासून वेगळी. तिने १९७५ मध्ये हाँगकाँगलाच पहिली आशियाई स्पर्धा भरवली. ती जिंकली न्यूझीलंडने, अंतिम सामन्यात थायलंडला ३-१ असं हरवून. स्वतंत्र असल्याचा एक फायदा असा की पुरुषांच्या राजकारणात तैवान बाहेर फेकला गेला तरी तैवानच्या मुली इथे खेळत राहिल्या आणि पुढच्या तीन स्पर्धा त्यांनीच जिंकल्या.

भारतात १९७५ मध्ये महिला फुटबॉल महासंघ निघाला, तोही अखिल भारतीय फुटबॉल महासंघापासून वेगळा. सुशील भट्टाचार्य राष्ट्रीय संघाचे पहिले प्रशिक्षक. १९७९ ची आशियाई स्पर्धा प्रत्यक्षात जानेवारी १९८० मध्ये कालिकतला झाली. यजमान म्हणून भारताने दोन संघ उतरवले, दक्षिण आणि उत्तर. त्यातला एक थेट अंतिम सामन्यात पोहोचला आणि तैवानकडून २-० असा हरला. १९८१ मध्ये आपण तिसरे, १९८३ मध्ये पुन्हा उपविजेते. त्याच १९८३ मध्ये शांती मलिक यांना अर्जुन पुरस्कार मिळाला, तो मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला फुटबॉलपटू. आमच्या गोव्याच्या योलांडा डिसूझा त्या काळच्या भारतीय संघात होत्या.

मग १९८० च्या दशकात आशियाई संघटना पुरुषांच्या महासंघात विलीन झाली, आणि नव्वदीच्या सुरुवातीला भारतातली संघटनाही. त्यानंतर आपली घसरण तुम्हाला माहीत आहे. २०२२ ची आशियाई स्पर्धा मुंबई, नवी मुंबई आणि पुण्यात झाली, पण आपल्या संघात कोविडची लागण झाली आणि यजमानांनाच बाहेर पडावं लागलं. २०२५ च्या जुलैमध्ये थायलंडला त्यांच्याच मैदानावर २-१ असं हरवून भारत पहिल्यांदा पात्रता फेरीतून आशियाई स्पर्धेला पोहोचला. दोन्ही गोल संगीता बासफोरचे. बातम्यांमध्ये 'ऐतिहासिक' म्हटलं, आणि ते होतंच. पण ज्या देशाचा संघ १९८० आणि १९८३ मध्ये आशियाई अंतिम सामना खेळला, त्याच्या बातमीत त्या बायकांचं नावसुद्धा नसावं, याने मला वाईट वाटतं.

---

ताळेबंद

मांडवीकाठ, हे मला अजिबात माहीत नव्हतं. कालिकतच्या स्पर्धेत आपण उपविजेते, आणि मी इतकी वर्षं फुटबॉल वाचतोय!

डावी विंग, 'अधिकृत' या मुद्द्यावर मी अर्धा सरकलो आहे. फिफाने आकडे आपल्या यादीत घ्यावेत की नाही याबद्दल माझी शंका कायम आहे, कारण १,१०,००० हा आकडा वर्तमानपत्रांच्या अंदाजातून आला आहे. बार्सिलोनाच्या कॅम्प नाऊवर २०२२ मध्ये ९१,६४८ प्रेक्षक होते, तो आकडा मोजलेला आहे आणि महिला सामन्यांचा विक्रम म्हणून तोच धरतात. पण शेजारी तळटीप म्हणून का होईना, अझ्तेका असायलाच हवं.

---

डावी विंग

ताळेबंद, तळटिपेवर माझं समाधान होणार नाही, पण पन्नास वर्षं तीही नव्हती.

एका देशाने मात्र तळटिपेपुरतं ठेवलं नाही. एल्बा सेल्वाने चार गोल केले तो २१ ऑगस्ट अर्जेंटिनात आता महिला फुटबॉलपटूंचा दिवस म्हणून पाळतात. त्या संघातल्या बायकांनीच म्हातारपणी एकमेकींना शोधून काढलं, जुने फोटो गोळा केले आणि हे मागून घेतलं. इंग्लंडच्या मुलीही २०१९ च्या सुमारास पुन्हा एकत्र आल्या, कर्णधार कॅरल विल्सन त्यांत होत्या. २०२३ मध्ये या स्पर्धेवर माहितीपटही आला, त्यात तेव्हाचं रंगीत चित्रण आहे. गोड लिंबू, पुतणीला जरूर दाखवा. अझ्तेकाचा तो आवाज ऐकल्यावर 'मुलींचे सामने बघायला कोण येतं' हे वाक्य तिला कुणी ऐकवू शकणार नाही.

---

रंकाळा

शंका मागे घेतली. तीन आठवडे कुणी नवलापोटी येत नाही, हे पटलं.

मांडवीकाठ, कालिकतवर वेगळा धागा काढाच. महाराष्ट्राच्या मुली त्या काळात राष्ट्रीय स्पर्धांना जात असणार. आपल्यापैकी कुणाच्या आई-मावशी-आत्या खेळलेल्या असतील तर त्यांना आत्ताच विचारून ठेवा, कात्रणं असतील तर फोटो काढून ठेवा.

---

मांडवीकाठ

काढते. कालिकतचे सगळे निकाल आणि दोन्ही भारतीय संघांची पूर्ण यादी मिळवायला वेळ लागेल, केरळच्या जुन्या वर्तमानपत्रांत शोधायला हवं. मल्याळम वाचणारं कुणी इथे असेल तर कृपया व्यक्तिगत निरोप पाठवा.

---

गोड लिंबू

पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत. आणि माझ्या शेजारी एक मल्याळी काकू आहेत, उद्याच विचारते.